आक्काच्या अंगणातली पहिली आंघोळ

आक्का,

तुला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे कागद तुझ्यापर्यंत पोचले नसतेच. असतीस तर मी तोंडानंच बोलले असते आणि नेहमीसारखं काहीतरी भलतंच बोलून बसले असते. लिहिताना मला जरा थांबता येतं. बोलताना थांबता येत नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास तुलाच झाला.

आज भाऊबीज. तू गेलीस तेव्हा घट बसलेले होते. अजून महिनाही झालेला नाही. आकुर्डीत माणसं अजून ‘आक्काच्या विहिरीवर’, ‘आक्काच्या मळ्यात’ असंच बोलतात. माझाही पाय सवयीनं तिकडे वळतो आणि अर्ध्या वाटेत आठवतं. मग तसंच परत फिरायचं तर लोक बघतात, म्हणून तुझ्या सगुणेकडे जाऊन उगाच ताक मागून आणते. चार दिवसांत तीनदा आणलं. सगुणा तांब्या भरून देते, विचारत काही नाही. तुझी सून शोभते खरी.

आम्ही कोकणातून इकडे आलो तेव्हा पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. आमचे हे तिथं हजेरी कारकून लागले आणि तुझ्या मळ्याला लागून एक खोली भाड्यानं मिळाली. ना नात्याचं कोणी, ना गावाचं. चार महिने मी भिंतींशी बोलत काढले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तू दारात येऊन उभी राहिलीस. कमरेवर हात, कपाळ मोकळं, लुगड्याचा काष्टा चिखलानं भरलेला. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलंस, “ए कोकणीण, सवाष्ण हायेस न्हवं?”

मी म्हटलं, “हो. म्हणजे काय?”

“मंग उद्या पहाटं आंगनात ये. ववाळाय बाई पायजे.”

आणि चालू लागलीस. मी यांना म्हटलं, ही काय बोलण्याची रीत झाली? हे म्हणाले, जाऊन तर ये, ओळख होईल. मला वाटलं, हिच्या नातवाला ओवाळायचं असेल. म्हणून नथ घातली, ठेवणीतलं लुगडं नेसले, माहेरचं चांदीचं निरांजन घेतलं आणि आले.

अंगणात बघते तर दगडांवर दोन मोठे हंडे वाफाळतायत आणि भिंतीशी पंचवीसएक पोरं उकिडवी बसलीयत. कोणाच्या अंगात नुसती चड्डी, कोणाच्या तीही नाही. केसांत, कानांत, पापण्यांवर पांढरी पूड. खाणीवरची पोरं. रेल्वेला खडी लागायची, रस्त्याला लागायची, कारखान्याला घडीव दगड लागायचा, तो काढायला आलेली माणसं माळावर पालं टाकून राहत. आईबाप दगड फोडायचे आणि पोरं त्याच धुळीत वाढायची. प्यायचं पाणीसुद्धा डोक्यावरून आणायचं, तिथं ऊन पाण्याची आंघोळ कुठली?

तू एकेकाला दंडाला धरून पुढे ओढत होतीस. ओंजळभर तेल डोक्यावर थापायचं, खसाखसा चोळायचं, मग उटणं, मग तांब्यातांब्यानं पाणी. पोर ओरडलं की पाठीत धपाटा. “गप बस. राजाचा जावई लागून गेलास व्हय रं?” न्हालेलं पोर पुसून, नवं कापड अंगात घालून माझ्यापुढच्या पाटावर. मी कुंकू लावायचं, ओवाळायचं, हातात लाडू-करंजी द्यायची. पोरं माझ्याकडे बघायचीच नाहीत, सगळा वेळ त्या निरांजनाकडे डोळे.

खरं सांगू का? मला त्या दिवशी किळस आली होती. बोटाचं टोक तेवढं कपाळाला लागेल अशा बेतानं मी कुंकू लावत होते. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. तुला ते कळलं असणार, कारण दुसऱ्या वर्षी मी शहाणपण शिकवायला आले तेव्हा तू हसलीस. मी म्हणत होते, आक्का, कपडे देऊ, फराळ देऊ, त्यांच्या पालावर नेऊन वाटू. हे उवांनी भरलेलं डोकं आपण कशाला चोळायचं?

“लाडू लांबनं बी देता येतो,” तू म्हणालीस. “त्याल लांबनं लावता येतं का, सांग.”

हा वाद आपण दरवर्षी घातला. दरवर्षी मी हरले आणि दरवर्षी पुन्हा काढला.

हे सगळं सुरू कसं झालं ते तू एकदाच सांगितलंस, शेंगा फोडता फोडता. आम्ही यायच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सकाळी रंगी नावाची एक पोरगी उरलंसुरलं मागायला आली. तुझ्या नातवाच्या, बाळूच्या आंघोळीचं पाणी हंड्यात शिल्लक होतं. तिच्या डोक्याची दशा बघवेना म्हणून तू तिला दगडावर बसवलंस आणि पाणी ओतलंस, तर पोरगी रडायला लागली. तुला वाटलं भाजलं. तू हात घालून बघितलंस, पाणी कोमटच होतं. तिच्या डोक्यावर ऊन पाणी जन्मात पडलं नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आणखी चौघांना घेऊन आली. लाडू मागत नव्हती. दारात उभी राहून विचारत होती, “आजी, पानी हाय का?”

मग ते दरसालचंच झालं. घाण्यावरचा तेली दिवाळीच्या आधी बुधला आणून ठेवायचा. पिंपरीच्या कॅम्पातला दुकानदार, सिंधमधून सगळं सोडून आलेला, “माई, बच्चों के लिए” म्हणत साबणाच्या वड्या बांधून द्यायचा. कापडाचे तुकडे कुठून कुठून यायचे आणि माझं मशीन घटस्थापनेपासून चालू व्हायचं. चड्ड्या, झबली, परकर. बाह्या लहानमोठ्या व्हायच्या. तू म्हणायचीस, “कोकणीण, ह्या पोराला काय तीन हात हायेत?” मी तणतणत उसवायची आणि परत शिवायची. त्या दिवसांत मी सुखात होते. त्या वेळी कळलं नाही, पण होते.

तुझं एक मात्र मला कधी उमगलं नाही. नवरा गेला, मुलगा पुढे मुंबईच्या गिरणीत लागला, वीस वर्षं तू एकटीनं मळा राखलास. तलाठ्याला दारात उभं करून बोलणारी तू. पाटाच्या पाण्यावरून चुलत दिरांशी भांडलीस आणि जिंकलीस. खाणीवरची पोरं मळ्यात घेते म्हणून भावकीतल्या बायका नाकं मुरडायच्या, त्यांना म्हणायचीस, “नाकाला फडकं बांदा.” सगुणा भावकीच्या भीतीनं बाळूपुरतंच ताट धरायची, तू मात्र गावाला भिऊन काही केलं नाहीस. पण पोरगं पाटावर बसलं की तू दोन पावलं मागे सरायचीस. हात पदराला पुसायचीस आणि मला हाक मारायचीस. मी विचारलं, तूच का ओवाळत नाहीस? तर म्हणालीस, “आमचा हात न्हाई चालत तितं.” सरळ सांगितलंस, पाऊस नाही आला म्हणावं तसं.

मी म्हणायची, “कोण म्हणतं चालत नाही?” पण हे मी वरवर म्हणायची, आक्का. आज कबूल करते. मला ते आवडायचं. एवढी मोठी तू, पण त्या पाटापाशी माझ्यावाचून तुझं अडायचं. हिरव्या बांगड्या वाजवत मी पुढे व्हायची आणि तू मागे उभी राहायचीस, हे मला फार आवडायचं. सहा दिवाळ्या मी अशी मिरवले.

गेल्या वर्षी चैत्रात हे गेले. सकाळी डबा घेऊन कामावर गेले, दुपारी दोन माणसांनी घरी आणून निजवले. छातीत कळ आली म्हणाले. मधू माझा सात वर्षांचा. कोकणातून दीर येईपर्यंत तीन दिवस गेले, ते तीन दिवस मला तूच सांभाळलंस. बायका जमल्या आणि कोणीतरी बांगड्या फोडायला माझा हात धरला, तेव्हा तू मधे आलीस. “सरा. तिला काढायच्या तवा ती काढंल,” म्हणालीस. मी रात्री स्वतः काढून डब्यात ठेवल्या. एकही फुटली नाही. दीर म्हणाले, गावी चला. तू म्हणालीस, “मशीन हाय, खोली हाय, शेजारी मी हाय. जायचं का ऱ्हायचं तुजं तू ठरीव.” मी राहिले. त्या सगळ्या महिन्यांत तुझ्या घरची भाकरी माझ्या मधूच्या पोटात गेली. हे मी विसरले नव्हते. तरीही मी जे बोलले ते बोलले.

धनतेरशीची संध्याकाळ. मी मशीनवर होते. पोरांचे कपडे त्याही वर्षी शिवले होते, त्यांचा गठ्ठा तुझ्यापुढे सरकवला. तू तो घेतला नाहीस.

“उद्या पहाटं ये,” म्हणालीस.

“मी? माझं कपाळ बघ.”

“बगितलं. माजं बी तसलंच हाय. ये.”

“अजून वर्ष नाही झालं. आमच्यात दिवाळी नाही.”

“दिवाळी तुज्या घरात न्हाई. माज्या आंगनात हाय.”

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या आत सहा महिने जे साचलं होतं ते सगळं तुझ्यावर उलटलं. मी म्हटलं, “मग सहा वर्षं ताट माझ्या हातात का देत होतीस? तेव्हा तुझा हात चालत नव्हता, आणि आता माझा चालतो होय? का, खाणीवरच्या पोरांना कोणी का ओवाळेना, त्यांचं काय बिघडतंय, असंच ना? तुझ्या बाळूला ओवाळशील का तू? आधी त्याला ओवाळ आणि मग मला बोलवायला ये.”

तू कधी नव्हे ती खाली बघत उभी राहिलीस. मग गठ्ठा उचललास, “येते” म्हणालीस आणि गेलीस. मला वाटलं, बरं झालं, एकदा कोणीतरी हिला बोलायला हवंच होतं. देवा, काय पण माझी अक्कल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खोलीतच बसून राहिले. कुडापलीकडून तांब्याचा आवाज येत होता, उटण्याचा वास येत होता, पोरं किंचाळत होती. मधू म्हणाला, आई, चल ना. मी त्याला दटावलं. मग मधेच अंगणात सगळे गप्प झाले. का ते मला नऊच्या सुमारास पाण्याला आलेल्या बायकांनी सांगितलं. तू सगळ्यात आधी बाळूला पाटावर बसवलंस. स्वतःच्या हातानं त्याला कुंकू लावलंस, ओवाळलंस, आणि मग त्याच ताटानं खाणीवरच्या एकूण एक पोराला. बायका तोंडाला पदर लावून सांगत होत्या, “आक्काचं डोस्कं फिरलं.”

मी मशीनवर बसले आणि दिवसभर सुई मोडेपर्यंत शिवत राहिले.

पुढच्याच महिन्यात बाळूला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. मी दोनदा बघायला आले, उशाशी बसले, मोसंबी दिली. तू पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतीस. सगुणा कोपऱ्यात पाठ करून बसलेली. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणू? आलं होतं. पण ‘हे माझ्यामुळे झालं, हिला मी डिवचलं’ एवढे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले नाहीत. एरवी हे तोंड कधी मिटत नाही.

बाळू बरा झाला. आपलंही बोलणं होतं तसं चालू राहिलं. “हरभरा आलाय, घिऊन जा.” “मधूला खोकला हाय का गं?” “विहिरीचा रहाट करकरतोय.” असलं वर्षभर बोललो. त्या संध्याकाळचं तू काढलं नाहीस आणि मीही नाही. मला वाटायचं, दिवाळी जवळ आली की आपोआप निघेल. तू ताप घेऊन अंथरुणाला खिळलीस तेव्हाही तू मला तेल्याला निरोप द्यायला सांगितलंस, औंदा पोरं जास्त हायेत म्हणालीस, आणि मी म्हटलं, तू उठशील तेव्हा तूच सांग. चौथ्या दिवशी तू गेलीस.

दहाव्याला सगुणा माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, “बाळूला ताप आला तवा म्या आत्याबाईंना इचारलं, कुनी भरीस घातलं तुमाला? तर म्हनल्या, कुनी न्हाई, माजंच डोस्कं फिरलं.”

मी तेव्हाही गप्प बसले. तिथून उठून घरी आले आणि जेवले नाही. मला बोलायचंय, बोलायचंय असं मनात घोकत आठ दिवस काढले. कपडे मात्र शिवत होते. का शिवत होते, कोणाच्या अंगणासाठी, काही ठाऊक नव्हतं. तुझ्या घरात तर औंदा दिवाळी नव्हतीच, आणि मी ही अशी.

दिवाळीला दोन दिवस उरले तेव्हा गेले सगुणेकडे. ती चुलीपुढे होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मी काय बोलले होते, कसं बोलले होते, बाळूचं नाव कसं घेतलं होतं, सगळं. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही.

मग म्हणाली, “येकवीस दिस म्या आत्याबाईंच्या हातचं पानी घेतलं न्हाई. आन् तुमी शेजारी ऱ्हात हुता.”

मी म्हटलं, “पोरं येतील उद्या-परवा. तू म्हणशील तर मी त्यांना वेशीवरूनच परत पाठवते.”

“परत कशाला धाडता?” तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. “पानी तापवते मी. पान्याला सुतक नसतंय. पर ताट माज्यानं धरवायचं न्हाई, औंदा घरात दिवाळी न्हाई. आन् माज्या बाळूला तुमी ववाळायचं न्हाई. बाकी तुमचं तुमी बगा.”

मी हो म्हटलं.

पहिल्या आंघोळीला पहाटे गेले तेव्हा सगुणेनं हंडे चढवलेले होते. जाळ घालत होती, वर बघितलं नाही. पोरं आली. चाळीस तरी असतील. तुला विचारत होती. एक बारकं म्हणालं, “आजी न्हाई?” तर त्याच्या मोठ्या बहिणीनं त्याला कोपरानं ढोसलं. मी पदर खोचला आणि पहिलं पोर ओढलं.

आक्का, एवढ्या वर्षांत मी एकाही पोराच्या डोक्याला हात लावला नव्हता. ओवाळायची ना मी. कधी कळलंच नाही की त्या डोक्यांवर किती खोका पडलेल्या असतात. खपल्या, टेंगळं, कानामागे जुन्या जखमा. तेल लावताना बोटांना कळतं, कुठं हलक्या हातानं जायचं. तू धपाटे घालायचीस, पण तुझ्या हाताखाली एकही पोर खपली निघाली म्हणून रडलेलं मला आठवत नाही. मी चोळलं तर चौघं रडली. नऊ-दहा पोरं झाल्यावर हात जरा बसला. लुगडं कमरेपर्यंत भिजलं, उवा अंगावर आल्या असतील, येऊ देत. मी आणि माझी किळस, दोघींची मला लाज वाटत होती.

मग पाट मांडला. निरांजन लावलं. पहिलं पोर नवी चड्डी घालून बसलं आणि माझा हात उचलेना. कुडापलीकडे भावकीतल्या दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्याच होत्या, त्यांना बघायचं होतं. सगुणेचं फुंकणं थांबलेलं मला ऐकू आलं. मनात म्हटलं, उद्या हे पोर आजारी पडलं तर? खाणीत कोणा पोराला लागलं तर? ते माझ्या माथी येईलच, पण त्या पोराचं काय? गेल्या वर्षी तुझ्या मनात हेच आलं असणार, आणि समोर तुझा स्वतःचा नातू होता. तरी तू हात उचललास. मी तुला तेवढं करायला लावलं होतं. म्हणून मी ताट उचललं. कुंकू लावलं, नीट अंगठा टेकून. ओवाळलं. पोर निरांजनाकडे बघत बसलं आणि लाडू घेऊन पळालं.

दुसरं पोर बसणार तेवढ्यात काट्याच्या कुंपणाच्या फटीतून एक बाई आत आली. यल्लव्वा म्हणतात तिला, खाणीवर खडी फोडते. ती सरळ माझ्या रोखानं येत होती. मला वाटलं, झालं. आता म्हणेल, माझ्या पोराला तुमचा हात नको. आणि तिनं तसं म्हटलं असतं तर मी ताट खाली ठेवून घरी गेले असते, पुन्हा कधी आले नसते.

ती जवळ आली. ताटाकडे बघत म्हणाली, “बाई, माज्या पोराला म्या ववाळू का?”

मी तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. मग तिच्या मागं कुंपणाकडे बघितलं. तिथं आणखी दहा-बारा जणी उभ्या होत्या, पोरांचे जुने कपडे हातात गोळा करून. खाण त्या दिवशी दुपारी सुरू व्हायची, म्हणून दर दिवाळीला पोरांना घेऊन येणाऱ्या त्याच होत्या, आणि आंघोळी होईपर्यंत कुंपणाबाहेर थांबणाऱ्याही त्याच. एकूण एक सवाष्ण. आणि सवाष्ण नसती तरी आई होतीच की प्रत्येक जण. तू परक्या कोकणिणीच्या दारात सवाष्ण शोधत आलीस. मी तुझ्या काळजाला लागेल असं बोलले. तू साऱ्या गावाचं बोलणं खाल्लंस, सगुणेनं तुझ्या हातचं पाणी टाकलं. कोणाचा हात चालतो आणि कोणाचा चालत नाही यावरून आपण दोघींनी एवढं केलं, आणि त्यांच्या पोरांना ओवाळायला त्यांना एकदाही बोलावलं नाही. तेल आपण लांबून लावलं नाही खरं, पण त्या बायका लांबच राहिल्या.

मी ताट तिच्या हातात दिलं. तिला ओवाळायची सवय नव्हती, निरांजन उलटं फिरवलं. मी तसंच फिरू दिलं. तिचं पोर पहिल्यांदा निरांजन सोडून ओवाळणाऱ्या बाईकडे बघत होतं. मग बाकीच्या आल्या, एकेक करून, आपापल्या पोराला ओवाळून ताट पुढच्या बाईकडे देत. ज्यांना आई नव्हती अशी तिघं होती, त्यांना मी ओवाळलं. कुडापलीकडच्या बायका कधी निघून गेल्या ते कळलं नाही. सगुणा परत जाळ फुंकू लागली होती.

मी भिजलेली, हाताला तेल, तशीच यल्लव्वापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, “आमचं चुकलं. तुम्हाला पहिल्याच वर्षी आत बोलवायला हवं होतं.”

ती जरा गोंधळली. मग हंड्याकडे बोट करून म्हणाली, “पानी निवतंय, बाई. म्होरलं पोर घ्या.”

मी पुढचं पोर घेतलं. त्यांची माफी अशी मागून झाली. तुझी मागायची राहिली, आक्का.